नोटीस लागली, पण कोणाच्या भाषेत?



गिरणीच्या फाटकातून आत पाऊल टाकले की एक फळा दिसतो. त्याला जाळीची चौकट, चौकटीला कुलूप, आणि त्या कुलपाच्या आत आमचे नशीब टाचणीने टोचलेले. पाळी बदलली तर कागद तिथे. सुट्टी कापली तर कागद तिथे. कोणाला कामावरून कमी केले तर त्याचे नाव तिथे. त्या कागदाला आम्ही सगळे ‘नोटीस’ म्हणतो. खेड्यातले म्हातारे ‘लोटीस’ म्हणतात. शब्द आमच्या तोंडी बसला, पण कागद आमच्या डोळ्यांना परकाच राहिला. कारण त्यावरची भाषा इंग्रजी!

भाषिक राज्याच्या सभेत पुढारी नकाशावर बोलतात. कोणता तालुका कुठे जावा, कोणती नदी कोणाची, यावर बोलतात. बोललेच पाहिजे. पण आम्ही चौथी शिकलेली माणसे आज एका शब्दावर बोलणार आहोत. राज्य मराठी झाले की नाही, हे नकाशावर बोट ठेवून कळत नाही. ते फाटकाजवळच्या फळ्यावर बोट ठेवून कळते.

एका शब्दाचे अनेक भाऊ

शिकलेले लोक सांगतात की ‘नोटीस’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘ठाऊक असलेले’ असा आहे. म्हणजे दुसऱ्याला ठाऊक करून देणे, ते नोटीस. जे ठाऊकच होत नाही ते काय? ते नुसते भिंतीला चिकटवलेले रद्दी कागद!

आपल्या मराठीत या एका कामाला किती शब्द आहेत पहा. आणि हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, हेही पहा.

शेजारी सांगतो ती खबर. बहिणीकडून येतो तो निरोप. खालचा माणूस वरच्याला कळवतो ती वर्दी. वरचा खालच्याला दरडावतो ती ताकीद. मास्तर पोराला बाजूला घेऊन सांगतात, त्याला समज देणे म्हणतात. पूर येणार, वीज पडणार, तेव्हा इशारा. निवडणूक आली की जाहीरनामा, आणि निवडणूक संपली की तो कोणालाच आठवत नाही! कोतवाल गावातून वाजवत, ओरडत जातो ती दवंडी. आणि सूचना? सूचना हा तर दुतोंडी शब्द आहे. सभेत अध्यक्ष विचारतात, “कोणाच्या काही सूचना आहेत काय?” तिथे सूचना म्हणजे आपण सुचवायचे. फळ्यावर लिहितात, “सूचना : उद्यापासून तिसरी पाळी बंद.” तिथे सूचना म्हणजे आपण मुकाट ऐकायचे.

मग ‘नोटीस’ आमच्या तोंडात का राहिली? कारण तिच्यात जे आहे ते या भावांपैकी एकाही शब्दात पुरते नाही. नोटिशीला तारीख असते. खाली सही असते, शिक्का असतो. पाठीमागे कायदा असतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिला मुदत असते. सात दिवस, चौदा दिवस, एक महिना. मुदत टळली की तुमचे तोंड बंद! खबर ऐकली नाही तर लाज जाते. नोटीस वाचली नाही तर भाकर जाते.

म्हणूनच आपल्या जिल्ह्यात हा शब्द कसा बोलला जातो ते कान देऊन ऐका. गिरणीत नोटीस ‘लागते’. बँकेची नोटीस ‘येते’. वकील नोटीस ‘ठोकतो’. जप्तीची नोटीस दाराला ‘चिकटवतात’. पुण्यात संगणकाच्या कंपनीत गेलेली आपली पोरे ‘नोटीस पिरियड’ मध्ये असतात. दुसरी नोकरी हातात घेऊन पहिली सोडायची, त्याला ती म्हणतात. त्यांच्यासाठी तो शब्द निघून जाण्याचा आहे. आमच्यासाठी तो हाकलून देण्याचा आहे. शब्द एकच, पण तो उच्चारताना कोणाचा आवाज बसतो आणि कोणाचा चढतो, ते बघा. आपल्या कापसाच्या मुलखात पोस्टमन खाकी लखोटा घेऊन वावरापर्यंत आला की बाई विचारते, “कोनाची लोटीस आली गा बाप्पा?” सुखाचा कागद येईल असे तिच्या मनातही येत नाही.

शब्द परका नाही, कागद परका आहे

इथे काही शहाणे आम्हाला अडवतात. म्हणतात, “नोटीस हा शब्दच इंग्रजी. तुम्ही तो रोज वापरता. मग मराठीचा आग्रह कोणत्या तोंडाने धरता?”

त्यांना आमचे उत्तर असे. मराठी ही सोवळ्यातली म्हातारी नाही. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. ‘हजेरी’, ‘रजा’, ‘मुकादम’, ‘ताकीद’ हे अरबीतून फारसीच्या वाटेने आले. आमच्या ‘कामगार’ या नावाचे शेपूटच फारसी आहे. म्हणून आम्ही मराठी राहिलो नाही काय? शब्द पाहुणा म्हणून येतो आणि घरच्या चालीने वागू लागला की घरचा होतो. एक नोटीस, दोन नोटिसा, नोटिशीत काय लिहिले आहे, नोटिशीला उत्तर दिले: हे रूप इंग्रजाने शिकवले काय? ते आमच्या आयाबहिणींनी घडवले. सरकारच्या मराठी कागदावरसुद्धा ‘कारणे दाखवा नोटीस’ असेच छापतात.

तेव्हा भांडण शब्दाशी नाही. शब्द खुशाल राहू द्या. आमचे भांडण त्या शब्दाखालच्या पाना-दोन पानांशी आहे. नाव मराठीत रुळलेले आणि मजकूर साहेबी, म्हणजे गड्याच्या डोक्यावर टोपी मराठी आणि पायात बेडी विलायती!

आमच्या फाटकावर काय घडले

आम्ही काम करतो त्या गिरणीचे नाव इथे घालत नाही. अशा गिरण्या पुष्कळ आहेत, आणि वाचणाऱ्याने आपल्या गिरणीचे नाव मनात घालून वाचावे.

एका पावसाळ्यात फळ्यावर तीन पानांची नोटीस लागली. सगळी इंग्रजी. पाळी सुटल्यावर आम्ही जाळीला नाक लावून उभे राहिलो. आकडे कळत होते, तारीख कळत होती. आत बसलेल्या बाबूला एकाने विचारले, “काय लिवलं हाय जी त्याच्यात?” बाबू म्हणाला, “काही नाही, शिफ्टचं हाय.” आम्ही घरी गेलो.

त्या तीन पानांत दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिले होते की ज्या बदली कामगारांना पुढे काम हवे असेल त्यांनी सात दिवसांच्या आत टाईम ऑफिसात नाव लिहून द्यावे. जे देणार नाहीत त्यांना कामाची गरज नाही असे धरले जाईल. आठव्या दिवशी आमचे अकरा बदली कामगार डबे घेऊन आले आणि फाटकावरच्या शिपायाने त्यांना बाहेर ठेवले. “तुमी नाव नाही देल्लं,” तो म्हणाला. तोही बिचारा आमच्यासारखाच. त्यालाही सकाळीच सांगितले होते.

मग पहिली पाळी फाटकाबाहेर बसली. साचे थांबले तेव्हा साहेब बाहेर आले. साहेब म्हणाले, “नोटीस तर सात दिवस लावलेली होती!” खरे होते ते. लावलेली होती. आमच्यातल्या एका पोक्त माणसाने विचारले, “साहेब, मुक्यानं बहिऱ्याला हाक मारली तर दोष कोनाचा?” चार तास वाटाघाट चालली. अकरापैकी सात परत आले. चार आले नाहीत, कारण तोवर त्यांनी वाट धरली होती. एक वीटभट्टीवर गेला. एक सुरतेला गेला, तो अजून तिकडेच आहे.

यात आमचाही दोष आहे, तो लपवत नाही. आम्ही दुसऱ्यांदा विचारले नाही. का? लाज वाटली. आपल्याला वाचता येत नाही ही आपलीच उणीव, असे आम्ही धरून चाललो. बंधूंनो, हीच ती गुलामी! कागद आमच्यासाठी लिहिलेला, आणि तो न कळल्याची लाजही आम्हालाच! ज्याने न कळेलसा लिहिला त्याला लाज नाही?

कायद्याने काय सांगितले होते

आम्ही काही नवे मागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात १०८ वे कलम होते. त्यात लिहिले होते की कारखान्यातील नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात. मुख्य दाराजवळ, सहज दिसतील अशा ठिकाणी, स्वच्छ आणि वाचता येतील अशा ठेवाव्यात. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यातही तेच. १९३६ च्या पगाराच्या कायद्यातही तेच. आणि तो कायदा तर इंग्रजांच्या राज्यातला! परक्या राजालाही जे पटले होते, ते आपल्या राज्यातल्या मालकाला पटत नाही. आणि कायद्याचा बोज राखायला नेमलेला अधिकारी वर्षातून एकदा येऊन चहा पिऊन गेला, तर ते कलम त्या कपाच्या बशीत बुडते.

आता ते जुने कायदे गुंडाळून चार श्रम संहिता आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत संपाला जाण्याआधी चौदा दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांतल्या कामगारांवर बंधनकारक केली आहे. १९४७ च्या केंद्रीय कायद्यात ही चौदा दिवसांची अट सार्वजनिक उपयोगाच्या सेवांपुरती होती. स्थायी आदेशांची अट केंद्रीय कायद्यात शंभर कामगारांच्या कारखान्याला लागू होती. ती आता तीनशेवर नेली. आपल्या जिल्ह्यातले जिन-प्रेस बघा. सरकी वेगळी करणारे, रुईच्या गाठी बांधणारे हंगामी मजूर एका जागी तीनशे कुठे सापडायचे?

म्हणजे पहा, आमच्याकडून नोटीस घेण्याचा नियम कडक झाला आणि आम्हाला नियम सांगण्याचे बंधन सैल झाले. आम्ही संपाची नोटीस मराठीत दिली तर मालक ती कोणाकडून तरी वाचून घेतो. त्याच्या पदरी वकील आहे, कारकून आहे. त्याची नोटीस आम्ही कोणाकडून वाचून घ्यावी? चहाच्या टपरीवर येणाऱ्या कॉलेजच्या पोराकडून?

राज्य कशासाठी मिळवले?

आमचे यवतमाळ एकेकाळी निजामाच्या वऱ्हाडात, मग इंग्रजांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, आणि मग नागपूर राजधानीच्या मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. तो सुखासुखी झाला नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाऊंटनजवळ गोळीबार झाला, आणि या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. त्यांत गिरणी कामगार किती होते ते हुतात्म्यांची यादी वाचून पहा. ते लोक केवळ नकाशा रंगवण्यासाठी मेले काय? कचेरीत, कोर्टात, कारखान्यात आपल्या भाषेत विचारता यावे आणि आपल्या भाषेत उत्तर मिळावे, म्हणून ते उभे राहिले.

विदर्भ वेगळा हवा असे म्हणणारेही आपल्याच मातीत झाले. वणीचे लोकनायक बापूजी अणे त्यांतले थोर पुरुष. राज्य एक असावे की दोन, यावर आमच्या चाळीतही दोन मते आहेत. पण कोणतेही राज्य आले तरी फळ्यावरचा कागद मराठीत हवा, यावर दोन मते नाहीत.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्या वेळी मुख्यमंत्री कोण होते? आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक! बंजारा समाजात जन्मलेले, घरात गोरमाटी बोलणारे. ज्यांच्या आईची बोली वेगळी, त्यांच्या राजवटीत मराठी राजभाषा झाली. हा आपल्या जिल्ह्याचा मान आहे. त्या मानाला आज जागायचे कोणी?

२०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. चांगले झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फटाके वाजले. पण राजेहो, दुकानाची पाटी गिऱ्हाइकासाठी असते आणि फाटकातला फळा कामगारासाठी. बाहेर पाटी मराठी आणि आत फळा इंग्रजी, हे कसले अभिजात? सातशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी नाते असलेल्या महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहिणाऱ्या पंडित शिष्याला अडवले होते. का, तर पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. धर्माचा आचार्य म्हातारीची काळजी करतो, आणि वीस वर्षे साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाईची काळजी आपले राज्य करत नाही!

बेळगाव, निपाणी, खानापूरचे आपले भाऊ १९५६ पासून झगडत आहेत. २००४ साली महाराष्ट्राने त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. तिथल्या मराठी माणसाची जुनी मागणी काय? सरकारी कागद आम्हाला मराठीतही द्या. ती मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण इथे यवतमाळात आपलेच राज्य असून आपलीच माणसे न कळणाऱ्या कागदावर अंगठा उठवतात, तेव्हा बेळगावच्या भावाला आपण कोणत्या तोंडाने धीर द्यावा?

बाटलीवरची नोटीस

कोणी म्हणेल, ही गिरणीवाल्यांची रड आहे. नाही बाप्पा! २०१७ च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारता मारता विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या मरणाला कारणे अनेक होती. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली, अंगावर संरक्षणाचे कपडे नाहीत, औषधांची मिसळ केलेली. पण बाटलीसुद्धा एक नोटीसच होती हे विसरू नका. तिच्यावर चौकोन टोकावर उभा केलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिजहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे किती मजुरांना कोणी सांगितले होते? मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेली घडीची चिठ्ठी वावरात कोण उलगडतो? आणि हिरवा रंग पाहून साधा माणूस काय समजेल? हिरवे म्हणजे पिकाला चांगले, असेच ना! तोही विषाचाच रंग आहे, फक्त सौम्य.

नोटीस दिली, पण कळवले नाही. गिरणीत याने रोजी जाते, वावरात जीव जातो.

घोटीव मराठीही नको

आणखी एक गोष्ट आमच्याच लोकांना सांगायची. इंग्रजी काढून त्या जागी अशी मराठी बसवू नका की जी वाचायला पुन्हा वकील लागेल. “उपरोक्त विषयान्वये आपणांस सेवेतून कार्यमुक्त करण्यात येत आहे.” हे वाचून आमचा एक भाऊ खुश झाला होता, त्याला वाटले, काम थोडे हलके केले! सरळ लिहा ना: “तुम्हाला अमुक तारखेपासून कामावरून काढले आहे. तक्रार करायची असेल तर अमुक दिवसांत अमुक ठिकाणी करा.” यात भाषेची काय अब्रू गेली? कोतवालाच्या दवंडीत एकही जड शब्द नसे, आणि अख्ख्या गावाला कळत असे.

आणि मराठीचे नाव घेताना आपणही मालकासारखे वागू नये. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवड्याकडच्या कोलाम पोडावर कोलामी बोलतात. गोंड भाऊ गोंडी बोलतात, तांड्यावर गोरमाटी चालते, तेलंगणाच्या कडेला तेलुगू. जिथे ही माणसे राबतात तिथे मराठी नोटिशीबरोबर त्यांच्या बोलीत तोंडी सांगण्याची सोय हवी. जो घास आपण इंग्रजीच्या तोंडातून ओढतो, तो कोलामाच्या ताटातून ओढलेला नसावा. भाषिक राज्याचे तत्त्व एकच आहे: ज्याच्या जिवाचा प्रश्न, त्याच्या भाषेत उत्तर. ते बेळगावला खरे असेल तर पांढरकवड्यालाही खरे आहे.

आमच्या मागण्या

१. कारखाना, गिरणी, जिन-प्रेस, खाण, जिथे मजूर आहे तिथे प्रत्येक नोटीस सोप्या मराठीत लागली पाहिजे. मराठी प्रत लागेपर्यंत मुदत मोजू नये.

२. नोटीस लागली त्या दिवशी प्रत्येक पाळीला ती मोठ्याने वाचून दाखवावी. गावात दवंडी होती, गिरणीतही दवंडी हवी!

३. सही किंवा अंगठा घेण्याआधी कागद माणसाच्या भाषेत वाचून दाखवला, असे त्याच कागदावर दोन कामगार साक्षीदारांनी लिहावे.

४. नव्या संहितांचे नियम राबवताना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेचे जुने बंधन तसेच ठेवावे, आणि लहान कारखान्यांनाही लावावे.

५. फवारणीच्या औषधावर विषाची खूण आणि ‘विष’ हा शब्द ठळक मराठीत असावा. विकणाऱ्याने रंगांचा अर्थ तोंडी सांगितल्याशिवाय बाटली देऊ नये.

आणि ही मागणी स्वतःकडे: उद्यापासून न कळलेला कागद दिसला तर लाजू नका. विचारा. पुन्हा विचारा. चार जण मिळून विचारा. संविधानाचे ३५० वे कलम सांगते की सरकारकडे गाऱ्हाणे मांडायचे तर ते केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. तेव्हा अर्ज मराठीत लिहा, वाकडेतिकडे अक्षर असले तरी लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

नोटीस आजवर ते लावत आले, आता आम्ही लावतो. ही आमची नोटीस समजा. तिला तारीख आजची, सही हजारो अंगठ्यांची, आणि ती सोप्या मराठीत आहे. न समजल्याची सबब चालणार नाही.

कामगारांची एकजूट झिंदाबाद!
राज्य मराठी, तर कागद मराठी!
जय महाराष्ट्र!